कोर्सचं राहू दे, आधी ती पॉलिसीची फाईल बाहेर काढा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघणाऱ्या ४३ वर्षांच्या दादांचं पत्र आलंय. त्यांना पुण्याला शनिवार-रविवारचा पुरातत्त्वाचा डिप्लोमा करायचाय, फी ३५ हजार, आणि ४० वेळा जाणं-येणं, राहणं धरून ६० हजार, म्हणजे साधारण लाखभर. प्रश्न एवढाच की एफडी मोडू का पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज काढू.

दोन्ही नको. कोर्स मात्र करा, मनापासून सांगतो. तुम्ही लिहिलंय की टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती बघितली आणि तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. जाणारच नाही ओ, ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर सापडतो म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता बघा. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी १९४५-४६ला तिथं खोदकाम केलं, आणि रोज त्या टेकडीच्या बाजूनं जाणाऱ्या निम्म्या लोकांना याचा पत्ता नाही.

पण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली एक ओळ मला जास्त टोचली. "विम्याचं बघायला नको, पाव्हण्यांकडून तीन पॉलिस्या घेतल्यात, वर्षाला १ लाख २० हजार भरतो, २० वर्षांनी जवळजवळ दुप्पट मिळणार."

त्या पॉलिस्यांच्या बाँडांवर सम अ‍ॅश्युअर्ड, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना मिळणारी ठरलेली रक्कम, किती लिहिलंय, ते तुम्हीच पत्रात दिलंय, तिन्ही मिळून २० लाख. बोनस धरून २५ म्हणू. घराचं कर्ज २२ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर कर्ज फेडून वहिनींच्या हातात ३ लाख उरतात, २८ हजार घरखर्चानं अकरा महिने पण जात नाहीत, आणि दोन पोरं अजून शाळेत आहेत. याला विमा म्हणत नाहीत. पाव्हण्यांचा मान राखायला चहा पाजायचा, वीस वर्षांचे हप्ते नाही लावून घ्यायचे.

आणि ते दुप्पट? २४ लाख भरून ४४ मिळाले तर व्याज पडतं साडेपाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत, आजच्या ७.१ टक्क्यांनी ५३ लाख झाले असते. हे विकणाऱ्याला माहीत असतं, तरी दुप्पट दुप्पट म्हणून विकतात, राग येतो मला याचा.

आता आधी १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, ६० वयापर्यंतचा. वर्षाला २५ हजारांच्या आसपास बसेल, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. फॉर्मवर शुगरचं लपवू नका, हप्ता वाढला तर वाढू दे. तो हातात आला की मगच, त्याआधी नाही, शाखेत जाऊन तिन्ही पॉलिस्यांची सरेंडर व्हॅल्यू (आज मोडली तर किती मिळतील) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर किती मिळतील) लेखी मागा. ते आकडे बघितल्याशिवाय मी शेवटचं सांगणार नाही, पण बहुतेक पेड-अप करा असंच म्हणेन. ७ लाख गुंतलेत म्हणून अजून १७ लाख भरत बसायचं कारण नाही. हप्ता थांबला की वर्षाला ९५ हजार मोकळे होतात, पहिल्या वर्षी त्यातनं कोर्स, पुढच्या वर्षापासून पीपीएफ. एफडीचे ३ लाख म्हणजे घराच्या कर्जाचा हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च, त्याला हात लावायचा नाही.

कोर्स झाल्यावर नोकरी सोडून हेरिटेज वॉकवर महिना ३० हजार, हे डोक्यातनं काढा. एवढं कमावणारा कोल्हापुरात मला माहीत नाही, आणि सरकारी भरतीत वयाची अट असते. आवडीसाठी शिका, पगार चालू ठेवून.

अजून एक, फी भरायच्या आधी विचारून घ्या की उत्खननाच्या साईटवर किती दिवस जावं लागेल. खोदकाम पावसाळा संपल्यावर, थंडीत चालतं, शनिवार-रविवार बघून नाही. दहा दिवस बिनपगारी रजा पडली तर तुमच्या ६५ हजारांतले २२ हजार गेले, आणि ते तुमच्या हिशोबात कुठंच धरलेले नाहीत.