सॅमन घरी शिजवायचा असेल तर वाइल्ड घ्यावा की फार्म्ड?

आपला प्रश्न असा आहे की, सिएटलजवळ नुकतेच राहायला आल्यावर दुकानात एकाच बर्फावर दोन प्रकारचे सॅमन दिसतात, एक ‘वाइल्ड’ म्हणजे मोकळ्या पाण्यात वाढलेला आणि दुसरा ‘फार्म्ड’ म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेला, त्यांपैकी ‘वाइल्ड’ लिहिलेला जवळजवळ दुप्पट महाग आहे, घरात चार आणि सात वर्षांची मुले आहेत, स्वयंपाक बहुतेक कोकणी पद्धतीचा आहे, तर जादा पैसे देण्यात काही अर्थ आहे का. मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली चौदा वर्षे याच भागात राहते आणि आठवड्यातून एकदा तरी हा मासा आमच्या घरी शिजतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात उत्तर. रवा लावून तव्यावर तळण्यासाठी आणि नारळाच्या आमटीसाठी अलास्काचा गोठवलेला सॉकाय (वाइल्ड सॅमनची एक जात) घ्यावा. तिरफळाचे तिखले करायचे असेल, ओव्हनमध्ये भाजायचा असेल किंवा मुलांच्या ताटात वाढायचा असेल तर फार्म्ड सॅमन बिनधास्त घ्यावा. ताज्या वाइल्डसाठी दुप्पट पैसे मोजायचे ते फक्त हंगामात.

असे सांगण्याचे कारण म्हणजे हे एकाच माशाचे चांगले आणि वाईट रूप नाही. हे दोन निराळे मासे आहेत. दुकानात ‘अटलांटिक सॅमन’ म्हणून जो मिळतो तो जवळजवळ सगळा शेतीचा असतो. नॉर्वे, चिली, स्कॉटलंड आणि कॅनडा येथे समुद्रात जाळ्यांचे प्रचंड पिंजरे सोडून त्यांत तो वाढवतात. अंड्यातून निघाल्यावर सुमारे वर्षभर तो गोड्या पाण्यात असतो, नंतर पिंजऱ्यात गोळीखाद्यावर वाढतो आणि चार-पाच किलोचा झाला की काढला जातो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर रानटी अटलांटिक सॅमनची व्यापारी मासेमारी करायला बंदीच आहे, त्यामुळे वेष्टनावर नुसते ‘अटलांटिक’ एवढे जरी दिसले तरी तो शेतीचा आहे असे समजावे. ‘वाइल्ड’ म्हणून जे मिळते ते प्रशांत महासागरातले: किंग (यालाच चिनूक म्हणतात), सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. आपल्याकडे बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले असूनही त्यांना कोणी एकाच पद्धतीने शिजवत नाही, तसेच इथेही आहे.

भारतातून नव्याने आलेल्यांचा आणखी एक गोंधळ होतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, म्हणून अनेकांना सॅमन म्हणजे परदेशातला रावस वाटतो. रावसाचा सॅमनशी काहीही संबंध नाही. त्याचे कूळ वेगळे, मांस पांढरे आणि चव सौम्य. आईकडून शिकलेली रावसाची कृती जशीच्या तशी सॅमनला लावली की निराशा होते, आणि दोष मात्र माशाला दिला जातो.

स्वयंपाकघरात खरा फरक पडतो तो चरबीमुळे. कच्च्या फार्म्ड अटलांटिक सॅमनमध्ये शंभर ग्रॅममागे तेरा ग्रॅमच्या आसपास चरबी असते आणि सॉकायमध्ये पाच-सहा ग्रॅम. हा मोठा फरक आहे. फार्म्ड तुकडीवर पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात त्या चरबीच्याच. पिंजऱ्यातल्या माशाला खाणे शोधावे लागत नाही आणि प्रवासही करावा लागत नाही, त्यामुळे त्याचे मांस मऊ राहते. उलट सॉकाय हजारो मैल पोहलेला असतो. त्याचे मांस घट्ट, चिवटपणाकडे किंचित झुकणारे आणि चवीला ठसठशीत असते. किंग सॅमन या दोहोंच्या मध्ये बसतो, चरबीने भरलेला आणि तरीही घट्ट, म्हणूनच तो सर्वांत महाग असतो. कोहो सौम्य आहे. पिंक मऊ आणि स्वस्त असून बहुतेक डब्यात भरून विकला जातो, आणि कटलेटसाठी मी तोच वापरते. बटाटा, आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातल्यावर महागाचा मासा त्यात वाया घालवण्याची काहीच गरज नसते.

माझ्या घरात बसलेला नियम असा की, सॉकायला सुरमईसारखे वागवायचे आणि फार्म्डला बांगड्यासारखे. पहिल्या वर्षी मी याच्या नेमके उलट करत होते. फार्म्ड सॅमनच्या जाड तुकड्यांना हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकले की आतली चरबी सुटायची, रव्याचा थर ओला होऊन निसटायचा आणि बाहेरून करपला तरी आतून कच्चा राहायचा. आई आली तेव्हा तिने त्याच माशाची ओल्या नारळाची आमटी केली, आणि आमटीवर नारंगी तेलाचा असा तवंग आला की खाताना नारळाची चवच लागेना. तिने दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांचे नारळाशिवाय तिखले केले: लाल मिरची, भरपूर ठेचलेले तिरफळ, चार-पाच कोकमे, अगदी थोडे पाणी. ते उत्तम झाले. कारण उघड आहे. तेलकट बांगड्याला आणि तारलीला आपण तिरफळ घालतो ते त्यांचा उग्रपणा आणि चरबी तोलून धरण्यासाठीच, आणि फार्म्ड सॅमनलाही नेमके तेच हवे असते.

सॉकायची तुकडी पातळ असते, जेमतेम दोन सेंटीमीटर. तिला रवा छान धरतो आणि मध्यम आचेवर एकेका बाजूला दोन-अडीच मिनिटे पुरतात. आमटीत घालायचा असेल तर आमटी पूर्ण उकळून, चव बघून, मगच तुकड्या सोडाव्यात, झाकण ठेवावे, एक हलकी उकळी आली की गॅस बंद करावा आणि पाच-सात मिनिटे हात लावू नये. सुरमईची तुकडी थोडी जास्त शिजली तरी चालून जाते, पण सॉकायची तशी गोष्ट नाही. कमी चरबीमुळे तो दोन मिनिटांच्या चुकीने भुसभुशीत होतो. त्यावर एक सोपा उपाय आहे. एक लिटर थंड पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात तुकड्या पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि मग कोरड्या पुसून मसाला लावावा. मसाल्यात वेगळे मीठ घालू नये. यामुळे मासा ओलसर राहतो आणि शिजताना वर जो पांढरा फेसाळ साका जमतो तोही कमी होतो. तो साका म्हणजे खराबी नव्हे, ते माशातले प्रथिन असते.

मुलांच्या बाबतीत मी फार्म्डकडे झुकते याचे कारण तापमान. इथल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे मासा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत शिजला पाहिजे. हौशी मंडळी सॉकाय ४९ अंशांना आणि फार्म्ड ५२ अंशांना उतरवतात, आणि मोठ्यांसाठी मीही कधी तसे करते, पण लहान मुलांसाठी ६३ अंशांचा नियम पाळावा असे माझे ठाम मत आहे. या तापमानाला सॉकाय कोरडा होतो आणि मुले तो तोंडात फिरवत बसतात. फार्म्ड मात्र चरबीमुळे रसाळ राहतो. शिवाय फार्म्डच्या तुकड्यांतले मधले बारीक काटे बहुधा दुकानात येण्यापूर्वीच काढलेले असतात. गोठवलेल्या सॉकायमध्ये ते अनेकदा राहतात. मांसावरून बोट उलट फिरवून ते शोधावेत आणि चिमट्याने डोक्याच्या दिशेने तिरके ओढावेत. सरळ वर ओढल्यास मांस फाटते.

कच्चा किंवा अर्धकच्चा खाण्याचा विचार कधी आला तर एक गोष्ट विसरू नये. मोकळ्या पाण्यातल्या सॅमनमध्ये अॅनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात. ते मारण्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरचा फ्रीझर बहुतेक वेळा तितका थंड नसतो. गोळीखाद्यावर वाढलेल्या माशात हा धोका फारच कमी असतो. जपानमध्येही सॅमनची सुशी रुजली ती १९८० च्या दशकापासून नॉर्वेने आपला शेतीचा मासा तिथे नेल्यावर.

आरोग्याविषयी आपण विचारलेले नाही, पण ‘फार्म्ड म्हणजे विष’ असे आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून थोडे लिहिते. पारा दोन्हींत कमी असतो आणि मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी योग्य अशा माशांच्या सरकारी यादीत सॅमन आहे. ओमेगा-३ फार्म्डमध्ये कमी असते हा समज चुकीचा आहे. एकूण चरबीच जास्त असल्यामुळे एका वाढीत ते सॉकायइतके किंवा त्याहून अधिकही मिळते, फक्त सोबत इतर चरबी आणि उष्मांकही येतात. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात फार्म्ड सॅमनमध्ये पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण वाइल्डपेक्षा जास्त आढळले होते आणि लोकांच्या मनातली भीती बरीचशी तिथून आली. ते प्रमाण तेव्हाही अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाच्या मर्यादेच्या आत होते, आणि त्यानंतर गोळीखाद्यातले माशाचे तेल कमी होऊन वनस्पतींचे तेल वाढले आहे. रंगाबद्दलही हाच गैरसमज आहे. सॉकाय लालबुंद असतो तो कोळंबीसारखे बारीक जीव खाल्ल्यामुळे, त्यांच्यातल्या अॅस्टाझॅन्थिन या द्रव्याने. फार्म्डच्या खाद्यात तेच द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे मांसाला वरून रंग फासलेला नसतो.

माझा खरा आक्षेप आहे तो समुद्राच्या बाजूने, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पिंजऱ्यांत दाटीने वाढणाऱ्या माशांवर समुद्री उवा होतात आणि त्या जवळून जाणाऱ्या नैसर्गिक पिल्लांनाही लागतात. चिलीत प्रतिजैविकांचा वापर बराच आहे, नॉर्वेत तो अगदी कमी आहे, म्हणून निवड असेल तेव्हा मी नॉर्वेचा मासा घेते. आपल्या वॉशिंग्टन राज्यातच ऑगस्ट २०१७ मध्ये सायप्रेस बेटाजवळचा पिंजरा कोसळून दोन लाखांहून अधिक अटलांटिक सॅमन बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी राज्याने परक्या जातींची पिंजऱ्यातली शेती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. अलास्काने तर १९९० मध्येच माशांच्या अशा व्यापारी शेतीवर बंदी घातली. त्यामुळे ‘अलास्का’ लिहिलेला सॅमन पिंजऱ्यातला असूच शकत नाही.

पण वाइल्ड म्हणजे आपोआप निर्दोष, असेही नाही. प्युजेट साउंड या सिएटललगतच्या खाडीतला चिनूक (म्हणजेच किंग) १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि इथले ओर्का व्हेल प्रामुख्याने त्याच चिनूकवर जगतात. सिएटलमध्ये बॅलर्ड लॉक्स या बोटींच्या जलद्वारांपाशी मासे वर चढावेत म्हणून पायऱ्यांची वाट, म्हणजे माशांची शिडी आहे, आणि तिला काचेची खिडकी आहे. मी दर ऑगस्टमध्ये मुलीला तिथे नेते, आणि त्या थकलेल्या, जखमी, तरीही प्रवाहाविरुद्ध तोंड धरून उभ्या असलेल्या माशांना पाहिल्यानंतर किंग विकत घेणे मला जमेनासे झाले. सॉकायबद्दल मला तसे वाटत नाही. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये जगातला सर्वांत मोठा सॉकायचा लोंढा येतो, २०२२ मध्ये तो सुमारे ७.९ कोटी माशांचा होता, आणि पुरेसे मासे नदीत वर गेल्याची मोजणी करूनच तिथे मासेमारी खुली केली जाते.

खरेदी करताना वेष्टन नीट वाचावे. ‘वाइल्ड’ की ‘फार्म्ड’ आणि कोणत्या देशाचा, हे दोन्ही लिहिणे इथल्या मोठ्या दुकानांना बंधनकारक आहे. किंग न्यूझीलंडचा असेल तर तो शेतीचा. ‘आधी गोठवलेला’ असे बारीक अक्षरांत लिहिले असेल तर तो दुकानाने वितळवून ठेवलेला आहे. त्यापेक्षा तोच मासा गोठलेल्या अवस्थेत घेऊन घरी रात्रभर फ्रीजमध्ये वितळवणे स्वस्तही पडते आणि चांगलेही. मात्र वितळवण्यापूर्वी हवाबंद पिशवी फाडावी. डिसेंबर-जानेवारीत ‘वाइल्ड सॉकाय’ बर्फावर मांडलेला दिसला तर तो बहुधा असाच वितळवलेला असतो. ताजा वाइल्ड हवा असेल तर मेच्या मध्यापासून अलास्कातल्या कॉपर नदीचा सॉकाय येऊ लागतो. त्या सुमारे ४७० किलोमीटरच्या थंड, वेगवान नदीत चढण्यासाठी त्याने अंगात जास्त चरबी साठवलेली असते, कारण नदीत शिरल्यावर सॅमन खाणेच सोडतो. तो खरोखर चविष्ट असतो, पण पहिल्या दोन आठवड्यांत त्याचा भाव अवाच्या सवा असतो. आपण जुलैपर्यंत थांबावे. तोवर ब्रिस्टल बेचा मासा दुकानात आलेला असतो, भाव खाली येतो, आणि तेव्हा अख्खी बाजू घेऊन, मधली जाड तुकडी तव्यासाठी व शेपटीकडची पातळ तुकडी आमटीसाठी, अशी आठवड्याची सोय एकदमच करता येते.