हाताने कॉपी होतं, मग रात्रीचा बॅकअप 'अ‍ॅक्सेस डिनाइड' का म्हणतो?

प्रश्न: आमचं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, चार कॉम्प्युटर. आधी संध्याकाळी निघताना मी स्वतः बटण दाबून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे झेड ड्राइव्हमधे बॅकअप घ्यायचे. गेल्या महिन्यात तो रात्री ११ ला आपोआप व्हावा असं लावलं तर आधी 'पाथ सापडत नाही' यायचं, मग एकाने नेटवर्कचा पूर्ण पाथ टाकून दिला, आता रोज 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड'. पण मी झेडमधे फाइल टाकली की जाते! आता तो म्हणतो त्या फोल्डरवर एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, म्हणजे कोणालाही काहीही करायची मुभा. देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, प्लीज देऊ नका, का ते खाली सांगते. तुमचा बॅकअप रात्री तुमच्या नावाने चालतच नाहीये. बरीचशी बॅकअप सॉफ्टवेअर विंडोजची सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन नसतानाही पडद्यामागे चालतात, बहुतेक वेळा लोकल सिस्टिम नावाच्या खात्यावर, आणि झेड ड्राइव्ह तर तुम्ही लॉगिन केल्यावर तुमच्यापुरता जोडलेला असतो, त्या खात्याला तो दिसतच नाही. म्हणून आधी पाथ सापडेना. आता पाथ सापडला पण दारावरचा वॉचमन विचारतोय तू कोण, आणि बॅकअपकडे ओळखपत्र नाही.

तर आतल्या कॉम्प्युटरवर फक्त बॅकअपसाठी एक वेगळा युजर बनवा, साधा, अ‍ॅडमिन नाही, आणि त्याला पक्का पासवर्ड द्या (पिन नाही चालत, पिन त्या एका मशीनपुरताच असतो). मग बॅकअप सॉफ्टवेअरमधे जिथे नेटवर्क फोल्डरचं नाव-पासवर्ड विचारतं तिथे आतल्या कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग युजरचं नाव असं लिहा.

आता खरी गंमत परमिशनची, कारण ती दोन ठिकाणी असते आणि लोक एकच बघतात. आतल्या कॉम्प्युटरवरच्या बॅकअप फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे शेअरिंग वेगळं आणि सिक्युरिटी वेगळं, आणि दोन्हीत जे जास्त कडक तेच लागू होतं. सिक्युरिटीत सगळं दिलेलं आणि शेअरिंगमधे नुसतं रीड, हे मी इतक्या ऑफिसांत बघितलंय की आता आधी तेच उघडते. तुम्ही त्या बॅकअप युजरला शेअरिंगमधे चेंज आणि सिक्युरिटीत मॉडिफाय द्या, तेवढं पुरतं.

तरी अडलं तर बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगमधला, म्हणजे नोंदवहीतला एररचा आकडा बघा. ५ म्हणजे परमिशन. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, कधीकधी विंडोज जिथे पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधे जुना पासवर्ड पडून असतो तो काढून टाका. १२१९ म्हणजे एकाच कॉम्प्युटरला दोन वेगळ्या नावांनी जोडायला गेलात, तेव्हा झेड ड्राइव्ह डिसकनेक्ट करून परत चालवा.

झेड तसाही काढूनच टाका असं मी म्हणेन. तुमच्या मशीनमधे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तुम्हाला जिथे लिहिता येतं तिथे त्यालाही लिहिता येतं, म्हणजे मूळ फाइल्स आणि बॅकअप दोन्ही एकाच रात्रीत लॉक. एव्हरीवनला फुल कंट्रोल म्हणजे चारही मशीनमधून त्याला रस्ता मोकळा. क्लायंटची वर्षानुवर्षांची रिटर्न्स आहेत हो तिथे! लिहायचा हक्क त्या एका बॅकअप युजरलाच राहू दे.

आणि सुरू झाला की शनिवारी एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत काढून खरंच उघडून बघा, नाहीच उघडली तर जो एररचा आकडा दिसेल तो लिहून मला पाठवा.