मोठ्या कंपनीत कोडिंग होतच नाही का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: शेवटचं वर्ष आहे, नागपूरच्या मिहान या उद्योग क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि कॉलेजातले सीनियर म्हणतात की, "तिथं कोडिंग होत नाही, दुसऱ्यांचे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, निस्तरत बसशील." मी आधी पुण्यात आणि आता नागपुरात, मोठ्या कंपन्यांमध्येच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवा कोड कमी लिहावा लागतो, हे खरं आहे. दिवसाचा मोठा भाग इतरांचा कोड वाचण्यात, विचारपूस करण्यात आणि आपण काय बदलतोय ते लिहून पटवून देण्यात जातो. मला हे काम मनापासून आवडतं, आणि ते हलक्या प्रतीचं आहे असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

२०२१ च्या डिसेंबरचं उदाहरण घे. लॉगफोरजे ही जावा भाषेतली लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा कोड, प्रोग्रॅममध्ये काय चाललंय त्याच्या नोंदी ठेवणारी. तिच्यात असं भगदाड सापडलं की बाहेरच्या माणसानं विशिष्ट मजकूर पाठवला आणि तो नोंदीत उतरला, तर त्याचा कोड आपल्या सर्व्हरवर चालू शकत होता. दुरुस्ती दिसायला एका ओळीची: आवृत्तीचा आकडा बदला. पण मोठ्या कंपनीत शेकडो सर्व्हिसेस, म्हणजे एकेक काम करणारे स्वतंत्र प्रोग्रॅम, असतात. बऱ्याच ठिकाणी ही लायब्ररी कुणी थेट घेतलेलीच नसते, ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आलेली असते. सर्व्हिस सापडली तर तिची मालकी कुणाकडे? लिहिणारी टीम कधीच मोडलेली, टेस्ट अर्धवट, आणि बदल केल्यावर बिलिंग बंद पडणार नाही याची हमी द्यायला कुणी तयार नाही. २.१५ लावून होतंय तोवर २.१६ आली, मग २.१७. दरवेळी पुन्हा टेस्टिंग, पुन्हा मंजुरी. अशा वेळी भराभर कोड लिहिणाऱ्यापेक्षा, कुठली सर्व्हिस कुठल्या सर्व्हिसला हाक मारते हे ठाऊक असणारा माणूस जास्त कामाला येतो. ती माहिती त्याला वर्षानुवर्षं बग निस्तरतानाच मिळालेली असते.

म्हणून सुरुवातीला बग मिळाले तर नाराज होऊ नकोस. फक्त बग बंद करून थांबू नकोस; तो मुळात का आला ते शोध आणि तिकिटात, म्हणजे त्या बगच्या नोंदीत, दोन परिच्छेद लिहून ठेव. मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच मांडलं होतं की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांनी बनवलेली सिस्टीम घडते. एकाच ग्राहकाची माहिती दोन टेबलांत वेगवेगळी दिसली तर बहुतेक वेळा त्यामागे एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन टीम असतात. हे कळायला लागलं की विचित्र वाटणारा कोडही वाचता येतो.

कोड रिव्ह्यू, म्हणजे आपला कोड सहकाऱ्यांनी तपासणं, सगळ्यात जास्त शिकवतो. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला बदल, लहान ठेव. हजार ओळींचा बदल कुणी नीट वाचत नाही, "ठीक दिसतंय" लिहून मोकळे होतात. तुझ्या कोडवर बारा शेरे आले तर आनंद मान, कुणीतरी तुझ्यासाठी वेळ दिलाय. शेरेच येत नसतील तर सीनियरच्या शेजारी जाऊन बस आणि विचार. आपल्याकडची पोरं इथंच मागं राहतात. डोकं असतं, पण प्रश्न विचारायला संकोचतात.

त्रासाचंही सांगतो. क्लायंट अमेरिकेत असेल तर संध्याकाळ तुझी नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. मिहानवरून घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास कधीही फोन घ्यायची पाळी, असेल तर झोपही मोडते. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवलं तर मन खचतं. तेव्हा रोजचं वेळापत्रक स्वतः आखावं लागतं. अप्रेझलमध्ये काम दिसलं नाही तर ते झालंच नाही असं धरलं जातं, आणि मला ही पद्धत अन्यायाची वाटते. तरी दर महिन्याला केलेल्या कामाची नोंद ठेव, मॅनेजरला वर्षभराचं आठवत नसतं.

पुणे की नागपूर, हा प्रश्न आता तेवढा मोठा राहिलेला नाही. परसोडीचा आयटी पार्क आणि मिहान धरून इथं बऱ्यापैकी काम आहे, आणि घरून डबा येतो ही लहान गोष्ट नाही. कंपनी बदलायची झाली तर पर्याय मात्र पुण्यातच जास्त आहेत.

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचार: नोटीस पीरियड किती, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, आणि शिफ्ट कोण ठरवतं. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर पुढची नोकरी शोधताना अडचण येते, बऱ्याच कंपन्या तेवढं थांबायला तयार नसतात. उत्तर ईमेलवरच घे. जॉइन होईपर्यंतच्या वेळात गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं कर. प्रोजेक्ट कुठलाही मिळो, ही दोन्ही बहुतेक पहिल्याच आठवड्यात लागतील.