अटलांटिक ओलांडणाऱ्या क्रूझवर सलग सहा-सात दिवस फक्त पाणीच असतं. तेवढे दिवस घालवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की भाडं परवडतंय, जहाज आवडलंय, पण मध्ये एकही बंदर नाही म्हणून हिंमत होत नाही आणि दोघांनाही कंटाळ्याची धास्ती वाटते. माझं उलट आहे. बंदरांच्या दिवशी बसमध्ये कोंबून घेऊन चार तासांत एक शहर ‘उरकायचं’ असतं, त्यापेक्षा मला हे मधले रिकामे दिवसच जास्त आवडतात. मात्र ते रिकामेच ठेवायला लागतात.

आधी दिशा बघा. शक्य असेल तर युरोपातून अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेला जाणारी फेरी घ्या. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. विमानात तो एका दमात अंगावर येतो. जहाजावर बहुतेक रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं आणि दिवस 25 तासांचा होतो. एक तास जास्त झोपा नाहीतर जास्त गप्पा मारा. उलट्या दिशेला दिवस 23 तासांचे होतात आणि हळूहळू झोपेचं खोबरं होतं. ऋतूचंही तसंच. शरदात भूमध्य समुद्रातली बरीच जहाजं हंगाम संपवून कॅरिबियनकडे निघतात आणि बऱ्याचदा कॅनरी बेटांच्या बाजूने, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जातात. कोलंबसाने 1492 मध्ये हेच वारे धरले होते. वारा मागून आणि जवळपास जहाजाच्याच वेगाचा असला, की डेकवर पान हलत नाही आणि खुर्ची टाकून तासन्‌तास बसता येतं. उत्तरेच्या मार्गावर मात्र जाड जाकीट लागतंच. न्यूफाउंडलंडच्या आसपास थंड आणि उबदार प्रवाह भेटतात, तिथे धुकं दाटतं आणि जहाजाचा भोंगा अधूनमधून वाजत राहतो.

आता वेळेचं. रोज रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो: नाच शिका, नॅपकिनच्या घड्या शिका, प्रश्नमंजुषा, बिंगो, चित्रांचा लिलाव. पहिले दोन दिवस लोक तो कागद हातात धरून धावपळ करताना दिसतात. तिसऱ्या दिवशी थकतात, आणि कंटाळा येतो तो तेव्हा. त्यातलं एकच काहीतरी धरा. माझं मत व्याख्यानांना, कारण एकच वक्ता बरेच दिवस एक विषय पुढे नेतो आणि नंतर जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसांशी बोलायला निमित्त मिळतं. (खऱ्या ओळखी मात्र कपडे धुण्याच्या खोलीत होतात. मशीन थांबेपर्यंत कुणालाच कुठे जाता येत नाही.) लिलाव आणि दुकानं मी टाळतो. बंदरात दुकानं आणि कॅसिनो सहसा बंद असतात, म्हणून समुद्रातल्या दिवशी त्यांचा सगळा जोर तुमच्या खिशावर असतो.

मग दिवसभर करायचं काय? समुद्र बघायचा. हे ऐकायला पोकळ वाटेल, पण बघण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त त्याला थोडी तयारी लागते. अटलांटिकचा एक कागदी नकाशा घेऊन जा. अनेक जहाजांवर दुपारी बाराच्या सुमारास कॅप्टन अक्षांश-रेखांश, वारा, वेग आणि बहुधा खालची खोलीही सांगतो. रोज एक ठिपका मांडा. वीस नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये साधारण 890 किलोमीटर अंतर. उत्तरेच्या मार्गावर ठिपके सरळ रेषेत न येता वर बाक घेतात, कारण गोल पृथ्वीवर जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. खोलीचे आकडेही लिहा. सुरुवातीला चार-पाच हजार मीटर, मग महासागराच्या ऐन मध्यावर आकडा कमी होतो आणि पुढे पुन्हा वाढतो. खालून समुद्रात बुडालेली डोंगररांग गेलेली असते. वर सगळं सपाट निळं, आणि आपण पर्वतावरून चाललोय हे त्या आकड्यावरूनच कळतं. मला याची गंमत अजून ओसरलेली नाही.

तीस मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज साधारण 20 किलोमीटरवर असतं, त्यामुळे पावसाची सर दूरवर एकटीच चालताना दिसते. पण उडते मासे बघायचे तर खालच्या, चालायच्या डेकवर पुढच्या बाजूला उभे राहा. उबदार पाण्यात जहाजाला बिचकून ते थव्याने उसळतात आणि लाटांना घासून बरंच अंतर तरंगत जातात. रात्री जहाजावरचा सगळ्यात अंधारा कोपरा शोधा आणि डोळे सरावायला वीसेक मिनिटं द्या.

पुस्तकं आणि गाणी आधीच उतरवून घ्या. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजावरचं मोबाइल नेटवर्क आपोआप जोडलं जाऊन भलतंच बिल येऊ शकतं. इंटरनेटचं पॅकेज घ्यायचं की नाही यावर दोघांनी निघण्याआधीच भांडून घ्या.

केबिन मात्र स्वतः निवडा. ‘मिळेल ती’ सवलतीच्या भाड्यात अगदी पुढच्या टोकाची पदरात पडू शकते, आणि तिथे हेलकावे सगळ्यात जास्त. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, बाल्कनी नसलेली केबिन खळाळत्या समुद्रात जास्त सुखाची. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि पोट ढवळायच्या आधी घ्या. नंतर घेतलेली फारशी कामाला येत नाही.