किताब राखावेत की वाटावेत?

प्रश्न : ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या मध्ययुगीन राजघराणे चालवण्याच्या संगणकीय खेळात माझ्या राजाकडे चार डचींचे (ड्यूकच्या प्रांतांचे) किताब आहेत, तरीही उत्पन्न घटले असून सरदार रुसले आहेत. काय चुकले? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : राजाने दोनहून अधिक डची स्वतःकडे ठेवल्या की सरदारांची मर्जी उतरते, आणि स्वतःकडच्या काउंटींची (डचीतल्या लहान परगण्यांची) संख्या मर्यादेबाहेर गेली की कर व फौज दोन्ही घटतात. राजधानीची डची राखून दोन किताब वाटून टाका, मात्र दोन्ही एकाच माणसाला देऊ नका. कारण बलाढ्य झालेला सरदार राजाच्या सल्लागार मंडळात जागा मागतो आणि ती न मिळाल्यास त्याची नाराजी महागात पडते. दिलेला किताब सबळ कारणाशिवाय परत घेतल्यास जुलमाचा ठपका येतो. (विशाळगड, बावडा, कागल या जहागिऱ्या सांभाळणाऱ्या करवीरकरांना हे नवे नाही.)

खरा धोका वारशाचा आहे. सुरुवातीच्या वाटणी-पद्धतीत, म्हणजे वारसा मुलांमध्ये विभागला जातो तेव्हा, दुसरे राज्य स्थापण्याइतकी भूमी तुमच्याकडे असेल, तर राजाच्या मृत्यूनंतर ते राज्य आपोआप निर्माण होऊन धाकट्या मुलाकडे जाते आणि तो स्वतंत्र होतो. सातारा व कोल्हापूर या गाद्यांची हद्द ठरवायला १७३१ मध्ये वारणेचा तह तरी करावा लागला होता. खेळात तेवढीही बोलणी होत नाहीत.