सॉफ्टवेअरमधल्या एका बटणावरचा मजकूर बदलायला तीन आठवडे का लागतात? मॅनेजर म्हणतो तसं हे सगळं खरंच कायद्यामुळे आहे का?

तुमचा मॅनेजर कायद्याकडे बोट दाखवतो, तर आधी तेच बघू. मी हिंजवडीत एका परदेशी बँकेचे रिलीज सांभाळतो, हे कारण आम्हालाही रोज ऐकवतात. एन्रॉन बुडाल्यावर अमेरिकेत २००२ साली सार्बेन्स-ऑक्स्ले कायदा आला. आर्थिक अहवालांमागची अंतर्गत नियंत्रणं नीट चालतात की नाही, याची जबाबदारी त्याने व्यवस्थापनावर टाकली. त्यात कॅबचं, म्हणजे प्रत्येक बदलाला मंजुरी देणाऱ्या 'चेंज ॲडव्हायझरी बोर्डा'चं नावही नाही. ज्याने कोड लिहिला त्यानेच परस्पर तो लाइव्ह करू नये आणि मंजुरीची नोंद राहावी, एवढं दाखवलं की ऑडिटरचं सहसा समाधान होतं. बाकीचा डोलारा कंपन्यांनीच उभा केलाय.

काही फुटलं की बदलाच्या मंजुरीसाठी भरायच्या फॉर्मात एक रकाना वाढतो. तो काढायला कोणी धजत नाही; उद्या काही झालं तर नाव त्याचंच येणार ना!

कॅबच्या कॉलवर तासाभरात तीस-चाळीस बदल उरकायचे असतात. कोड कोणी उघडत नाही. "बॅकआउट प्लॅन जोडलाय ना?" हा ठरलेला प्रश्न, म्हणजे बिघडलं तर बदल मागे कसा घ्यायचा ते लिहिलंय ना. जोडलेला असतोच, मागच्या तिकिटावरून (बदलाच्या अर्जावरून) उचललेला. कधी त्यात केव्हाच बंद झालेल्या सर्व्हरचं नाव तसंच असतं. अप्रूव्ह्ड!

तारीख लवकर मिळत नाही म्हणून लोक एकाच रिलीजमध्ये पंधरा गोष्टी कोंबतात. मग बिघडलं तर नेमकं कशाने ते सापडत नाही, आणि फॉर्मात आणखी एक रकाना. सॉफ्टवेअर टीम कशा काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या 'डोरा' या संशोधन गटाच्या २०१९ च्या डेव्हऑप्स अहवालातही अशा औपचारिक मंजुऱ्यांनी बिघाड कमी होतात याचा पुरावा मिळाला नव्हता. वेग मात्र घटलेला दिसला.

तपासणी नकोच, असं नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीमध्ये आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त पैसे गेले. तिथे दुसऱ्या एका इंजिनिअरने आठही सर्व्हर बघायला हवे होते. कॉलवरच्या दहा व्हीपींना ते दिसलं नसतं.

तुमच्यापुरतं म्हणाल तर 'स्टँडर्ड चेंज' मागा. कंपन्या आयटीचं काम ज्या नियमावलीप्रमाणे चालवतात त्या आयटिलमध्येच ही सोय आहे: नेहमीचा, कमी जोखमीचा बदल एकदा मंजूर करून घेतला की दर वेळी कॅबपुढे जावं लागत नाही. तुमच्या बटणासारखी, काहीही न बिघडवता गेलेली जुनी तिकिटं काढा आणि चेंज मॅनेजरला दाखवा. फक्त क्वार्टर-एंडच्या फ्रीझच्या, म्हणजे बदल बंद ठेवण्याच्या काळाच्या, तोंडावर जाऊ नका, तेव्हा तो कोणाचंच ऐकत नाही.