डर्क पिट कुठून सुरू करावा?

मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काल तू विचारलंस, क्लाइव्ह कस्लरची डर्क पिट ही साहसकथांची मालिका पहिल्या पुस्तकापासून वाचू का? नको रे. मालिका १९७३ पासूनची, पण कस्लरचा हात खरा बसला तो १९७६ च्या टायटॅनिकवरच्या कादंबरीत. तिथून सुरू कर. त्यात जहाज अख्खं वर काढतात. प्रत्यक्षात १९८५ मध्ये ते सापडलं तेव्हा सुमारे ३,८०० मीटर खोल, दोन तुकड्यांत पडलेलं होतं. माझं त्यानं काही अडलं नाही. समुद्राखालची ती पानं आजही श्वास रोखून वाचतो मी.

बडोद्यातली आपली निम्मी वाचक मंडळी म्हणतील, सगळं एकाच साच्यातलं. खरंय ते, म्हणून सलग वाचू नकोस, मध्ये दुसरं काही घे. २००४ पासून कस्लरचा मुलगाही सहलेखक झाला. ती पुस्तकं मला फिकी वाटतात, माझ्या भाचीला मात्र तीच जास्त आवडतात.